सगळ्यांचे डोळे एका रेषेत

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे निळा पडदा लावलेली फोटोची खोली आणि मागच्या दोन खोल्यांत मामा-मामीचं घर. काउंटरमागच्या भिंतीवर मामाने स्वतः रंगवलेला बुद्धाचा मोठा फोटो होता. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशने रंग भरण्यात मामाचं नाव होतं. राहुरी, श्रीरामपूरकडून माणसं जुने फोटो कापडात गुंडाळून घेऊन यायची. कुणाच्या आईचा एकुलता एक फोटो असायचा, तोही पाण्याने डागळलेला. मामा दिवसेंदिवस त्याच्यावर वाकून बसायचा आणि मग ती बाई पुन्हा नाकीडोळी नीटस होऊन काचेआड जाऊन बसायची.

मी तेव्हा नगरला होते. डीटीपीचा कोर्स करून एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचं काम करत होते. छापखान्याच्या मालकाने नवा कॉम्प्युटर आणि नवा स्कॅनर घ्यायचं ठरवलं, तेव्हा जुने मामाने घ्यावेत असं मी सुचवलं. मामा नको म्हणाला. मामी घ्या म्हणाली. त्या घरात अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पंधरवड्यात आम्ही ते सामान गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत घातलं. मामीने मॉनिटर मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवटाळला आणि कोल्हार येईपर्यंत ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याआधी सावध करत राहिली.

कॉम्प्युटर आला तसा मुक्काम हलवून मीही आले. काही महिने राहायचं, मामाला शिकवायचं आणि परत जायचं, असं आईला सांगितलं होतं. पण मामा त्या यंत्राजवळ फिरकत नव्हता. तो आपला खिडकीजवळच्या टेबलावर ब्रश धुवत बसायचा आणि अधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघायचा, शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावांतल्या दूध संस्थांनी मिळून सभासदांना फोटोची ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांची नावं मोठ्या संख्येने सभासद म्हणून लागली होती. गाई-म्हशींचं सगळं त्याच करायच्या, धारा त्याच काढायच्या, कागदावर मात्र आता कुठे आल्या होत्या. त्या संस्थांचं काम बघणारे सचिव एके सकाळी स्कूटरवरून आले. गोल चेहऱ्याचे, बोलता बोलता स्वतःच हसणारे गृहस्थ. संक्रांतीच्या आधी सगळी कार्डं हवीत असं त्यांनी सांगितलं. शिवाय विम्यासाठी गाईंचेही फोटो काढावे लागतील, तेही तुम्हीच काढा, असं जाता जाता म्हणाले. मामाने काम घेतलं. गावोगावी जाऊन फोटो काढायचे, नगरच्या लॅबमधून धुऊन आणायचे आणि मग मी ते स्कॅन करून कार्डाच्या मापाचे करायचे, असं ठरलं.

पहिल्या गावाला मीही गेले होते. दूध संस्थेच्या ओट्यावर मामाने निळा पडदा बांधला, खुर्ची ठेवली. मामी फणी, पावडरचा डबा आणि आरसा घेऊन बसली. बायका रांगेने आल्या. बऱ्याच जणींचा एकटीचा असा फोटो कधी निघालाच नव्हता. लग्नातला असला तर तोही अर्धा हाराआड आणि अर्धा नवऱ्याआड. एक म्हातारी खुर्चीत बसली आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडून राहिली. हात खाली घ्या म्हटलं तर तिला ते उद्धटपणाचं वाटलं. मामाने तिचा तसाच एक फोटो काढला आणि मग गप्पांत गुंतवून कार्डापुरता दुसरा. मामाची रीत तीच होती. कुणाला जरा डावीकडे वळवायचा, कुणाची हनुवटी वर करायचा, कुणाला जवळ घ्यायचा, कुणाला लांब ठेवायचा. प्रत्येक माणूस त्याच्या चांगल्या बाजूने दिसला पाहिजे.

फोटो धुऊन आले आणि माझं काम सुरू झालं. एक फोटो स्कॅनरवर ठेवायचा. सरळ करायचा. चौकटीत कापायचा. रंग काढून काळा-पांढरा करायचा. उजळायचा, धार आणायची, माप लहान करायचं, कडेने बारीक रेघ मारायची आणि सभासदाच्या क्रमांकाने साठवायचा. मग दुसरा. मग तिसरा. पहिल्या दिवशी मला मोठी गंमत वाटली. आठवड्याने माझं मनगट दुखायला लागलं. जेवताना बोटं आपोआप भाकरीवर तोच क्रम टकटकायची. मामीच्या ते लक्षात आलं. ती रोज माझ्या मनगटाला कोमट तेल चोळायची आणि विचारायची, एवढं सगळ्यांना तेच तेच करायचं असतं, तर ते यंत्राला एकदाच का सांगत नाहीस?

मी तिला म्हटलं की यंत्राला तसं सांगता येत नाही. कोर्समध्ये आम्हाला तसं काही शिकवलं नव्हतं, म्हणून मी ठामपणे सांगून मोकळी झाले.

एका दुपारी काम करता करता स्क्रीनच्या कोपऱ्यातली एक छोटी चौकट चुकून मोठी झाली. ती मी याआधी शंभरदा बंद केली असेल. मामी चहा घेऊन आली होती. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. चौकटीच्या तळाशी बारीक बटणं होती. एक चौकोन, एक गोल, एक त्रिकोण.

"ही तर टेपची बटणं हायेत की," मामी म्हणाली. "गोल दाबलं की भरून घेतंय, तिकोन दाबलं की वाजतंय."

स्टुडिओत एक टेपरेकॉर्डर होता. मामी रोज त्यावर गाणी भरून घ्यायची. तिच्या दृष्टीने यात काही नवल नव्हतं. मी गोल बटण दाबलं. ते लाल झालं. मी एक फोटो घेतला आणि नेहमीसारखं सगळं केलं, कापणं, उजळणं, रेघ, सगळं. मग चौकोन दाबून थांबवलं. दुसरा फोटो उघडला आणि त्रिकोण दाबला.

फोटो आपणहून कापला गेला. रंग गेला. चेहरा उजळला. माप लहान झालं. कडेने रेघ आली. मी माउसला हात लावलेला नव्हता, उलट दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मामीने मामाला हाक मारली. तो ब्रश हातात घेऊनच आला. आम्ही त्याला तिसरा फोटो करून दाखवला, चौथा दाखवला. त्याने कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. कॉम्प्युटर आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढचे दोन दिवस मी शोधत राहिले आणि मला कळलं की नुसता एक फोटोच नाही, तर फोटोंचं अख्खं फोल्डर दाखवलं तरी यंत्र ते एकामागून एक उघडतं, करतं आणि बंद करतं. एका गावाचे सगळे फोटो मी आधीच स्कॅन करून ठेवले होते. सकाळी मी बटण दाबलं. मामा रस्त्यावर गेला आणि समोरच्या सायकलवाल्याला, चहावाल्याला, एसटीची वाट बघत बसलेल्या दोन अनोळखी माणसांना घेऊन आला. सगळे फोटोच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. ते यंत्र जुनं होतं, एका फोटोला चहाचे दोन घोट होतील एवढा वेळ घ्यायचं. पण कुणी हललं नाही. एक बाई आली, लहान झाली, गेली. एक बाबा आले, लहान झाले, गेले. चहावाला म्हणाला की हे बघत दिवस काढता येईल. एसटी आली आणि त्या दोन माणसांची चुकली, तरी ती रागावली नाहीत.

खरी मजा पुढे आली. सगळं झाल्यावर मी ते फोटो एका पानावर मांडून छापले आणि आम्ही तिघं ते पान बघायला लागलो. ज्या फोटोवर मी यंत्राला शिकवलं होतं, ती बाई मधल्या उंचीची आणि नेमकी मधे बसलेली होती. यंत्राने प्रत्येकाला तिथेच कापलं होतं. उंच माणसांचे फेटे आणि टोप्या वरून उडाल्या होत्या. बुटक्या बायकांची फक्त कपाळं खाली दिसत होती आणि वर सगळा पडदाच पडदा. मामाने डौलात डावीकडे वळवलेल्या एका पाटलांचा एकच कान आणि अर्धी मिशी आली होती. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी, नीट कापलेला, नीट उजळलेला, कडेने बारीक रेघ मारलेला एका गाईचा चेहरा होता. विम्याचा फोटो चुकून त्याच फोल्डरमध्ये राहिला होता. सगळ्या पानावर डोळे, नाक, कपाळ जागच्या जागी आलेली ती एकटीच होती.

मामीला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेली, परत आली, पान बघितलं आणि पुन्हा गेली. तेवढ्यात सचिव आले. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी पान उलटं करून ठेवत होते, पण मामीनेच ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गाय बघितली. मग ते खुर्चीत बसून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते पान त्यांनी मागून घेतलं आणि पुढे कितीतरी दिवस ते त्यांच्या टेबलावर काचेखाली होतं.

हसणं झाल्यावर मामा मात्र गंभीर झाला. तो पान घेऊन उजेडात गेला आणि एकेक चेहरा बघत राहिला. फेट्यांचं त्याला तितकंसं वाटलं नव्हतं. त्याला दुसरंच काहीतरी खुपत होतं. सकाळी काढलेल्या बायका पांढऱ्याफटक झाल्या होत्या आणि वळचणीला, सावलीत बसलेल्या काळवंडल्या होत्या.

"सगळ्यास्नी येकच औषिद दिलंस तू, ताई," तो म्हणाला. "परत्येकाचं दुखनं येगळं आसतंय."

मला ते लागलं, कारण ते बरोबर होतं. पण त्या बोलण्यातच मला वाटही दिसली. प्रत्येकाचं औषध वेगळं करायचं तर पुन्हा हातानेच बसावं लागलं असतं. पण उजेड काही माणसागणिक वेगळा नव्हता. गावोगावच्या ओट्यांवर तो साधारण तीनच तऱ्हांचा होता. मी तीन वेगळ्या रीती भरून घेतल्या आणि त्यांना नावं दिली, सकाळ, दुपार आणि वळचण. मामाने लॅबमधून आलेल्या फोटोंचे तीन गठ्ठे करायचे आणि मी तीन फोल्डर. मामाला ते काम फार आवडलं. पत्ते वाटावेत तसा तो फोटो वाटायचा, आणि एखादा चेहरा कुठेच बसेनासा झाला तर तो बाजूला काढून मला म्हणायचा की हा मी हाताने करतो. असे रोज पाच-सहा तरी निघायचेच. काही खरंच अवघड असायचे. काही त्याला नुसते आवडलेले असायचे.

आधी निघालेले फोटो मी हातानेच पुन्हा कापले, पण पुढच्या गावांपुरता फेट्यांचा प्रश्न मामीने सोडवला. तिचं म्हणणं साधं होतं. यंत्र जागेवरून हलत नाही, तर माणसांनाच त्याच्यापुढे सारखं बसवायचं. पुढच्या गावाला जाताना तिने घरातले सगळे जेवायचे पाट पोत्यात भरून घेतले. खुर्ची एका जागी, कॅमेरा एका जागी, आणि पडद्यावर खडूने एक आडवी रेघ. येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे त्या रेघेला लागले पाहिजेत. बुटकी बाई आली की मामी खुर्चीवर दोन पाट ठेवायची. मधली आली की एक. उंच माणसाला पाट नाही, आणि फारच उंच असला तर खुर्ची काढून तेलाच्या पालथ्या डब्यावर बसवायची. लोकांना आधी हे चमत्कारिक वाटलं. मग त्याचाच खेळ झाला. रांगेतल्या बायका पुढच्या बाईकडे बघून आधीच ओरडून सांगायच्या, हिला दोन लागतील, हिला दीड. एका गावात जावा-जावा एकामागोमाग आल्या. धाकटीला एक पाट लागला आणि थोरलीला दोन. धाकटी दिवसभर मान ताठ ठेवून हिंडत होती असं नंतर सचिवांनी सांगितलं.

मामाला आपली रीत सोडावी लागली होती. कुणाला वळवायचं नाही, हनुवटी वर करायची नाही, सगळे समोर, सगळे सारखे. दोन गावं त्याने तसं केलं आणि तिसऱ्या गावात कार्डाचा फोटो झाल्यावर एका बाईला थांबवलं. म्हणाला, हा संस्थेचा झाला, आता एक तुमचा. तिला ओट्यावरून उतरवून तिच्या म्हशीजवळ नेलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली आणि मामाने तिचा फोटो काढला. मागच्या बायकांनी ते बघितलं. मग काय, सगळ्यांनाच आपापला हवा होता. कुणाला घराच्या दारात, कुणाला नातवाला कडेवर घेऊन, कुणाला विळा हातात धरून. एकीने शेजारणीची सायकल मागितली, चालवता येत नव्हती तरी. मामाकडे आता वेळ होता. पूर्वी एकेकाला वळवण्यात, हनुवटी वर करण्यात जायचा, तो वेळ आता त्याचा होता.

डिसेंबरच्या शेवटी शेवटचे तीन गठ्ठे उरले. दुपारची वेळ होती. मी स्कॅन केलेलं फोल्डर लावलं, बटण दाबलं आणि सवयीने स्क्रीनकडे बघत बसले. मामाही बसला. मामीही. थोड्या वेळाने मामी म्हणाली, "आपुन कशाला बसलोय? त्याला न्हाई आपली गरज."

खरंच होतं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. भर दिवसा, कामाच्या वारी, काम चालू असताना मोकळं असणं आम्हाला माहीतच नव्हतं. मामाने शटर ओढलं. कुठे जायचं हे कुणी ठरवलं नाही, पाय आपोआप प्रवरेकडे गेले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काठोकाठ होतं आणि उन्हाने चकाकत होतं. पलीकडे उसाचे तुरे हलत होते. मामा खडकावर बसला. मी पाण्यात पाय सोडले. मामी काठाशी उभी राहून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग तिने चपला काढल्या, गळ्यातलं काढून मामाच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला, साडीचा काचा मारला आणि आम्ही काही विचारायच्या आत पाण्यात शिरली.

मी घाबरून उठले. मामाही उठला. पण मामी बुडत नव्हती. ती हात मारत, मान वर ठेवून, संथपणे पाण्यातून जात होती, जशी ओसरीवरून स्वयंपाकघरात जावी. मधे जाऊन ती उताणी झाली आणि पाण्यावर तरंगत राहिली. मामाच्या हातात गळ्यातलं तसंच होतं.

"तुला म्हाईत हुतं?" त्याने मला विचारलं.

मला कुठलं माहीत असणार. मामीचं माहेर पुणतांब्याकडचं, गोदावरीच्या काठावरचं. लहानपणी भावांबरोबर ती रोज नदीत असायची, हे तिने त्या दिवशी काठावर केस पिळताना सांगितलं. लग्न होऊन इकडे आल्यावर कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पहिल्या वर्षी सासू होती, मग स्टुडिओ होता, मग लग्नसराई, मग पुन्हा लग्नसराई. मामा ऐकत होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता, तो कुठेही गेला तरी असायचाच. पण मामी पोहत होती तेवढ्या वेळात त्याने तो डोळ्याला लावला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाला की बघायचं राहून गेलं असतं.

आम्ही घरी आलो तर वीज गेलेली होती. कधी गेली कोण जाणे. यंत्राला जोडलेली बॅटरीही संपली होती आणि स्क्रीन काळा पडला होता. वीज आल्यावर बघितलं तर गठ्ठ्याचं निम्मं काम झालं होतं आणि निम्मं राहिलं होतं. एरवी मी कपाळाला हात लावला असता. मामा म्हणाला की राहिलेलं यंत्र उद्या करेल, आणि उद्या पुन्हा नदीवर जाता येईल. मामी चुलीपुढे केस सुकवत बसली होती. तिने मान डोलावली.

कार्डं संक्रांतीच्या आधी वाटून झाली. दोन-तीन गावांतल्या वाटपाला मी गेले होते. बायकांनी कार्डं हातात घेतली, उलटसुलट केली आणि मग एकमेकींची बघितली. सगळ्यांचे डोळे एका रेषेत होते. त्याबरोबर मामाने काढलेले ते दुसरे फोटोही सचिवांनी वाटले, म्हशीजवळचे, दारातले, सायकलवरचे. पहिल्या गावातल्या, हात जोडून बसलेल्या म्हातारीलाही तिचा फोटो मिळाला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि शेजारच्या सुनेला विचारलं की ही कोण. सून म्हणाली, तुम्हीच. म्हातारीने आणखी एकदा बघितलं आणि म्हणाली, "मी लई चांगली दिसती की."

पुढे लग्नाच्या अल्बमांचं, शाळांच्या ओळखपत्रांचं असं काम येत गेलं आणि मामा माझ्यापेक्षा जास्त रीती भरून घ्यायला शिकला. मी काही महिन्यांसाठी आले होते ती दोन वर्षं राहिले. आणि बंधाऱ्यात पाणी होतं तोवर, म्हणजे जवळजवळ होळीपर्यंत, दर मंगळवारी दुपारी मामी गल्लीतल्या मुलींना घेऊन प्रवरेवर जायची. पहिल्या दिवशी दोघी होत्या, मग सात-आठ झाल्या. मीही त्यांतच होते. मला हात मारता यायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. मामी पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून माझ्या पोटाखाली तळहात धरायची आणि सांगायची की मान वर ठेव, पाय ताण, घाबरू नको. एके दिवशी हात मारता मारता मी मागे वळून बघितलं तर ती बऱ्याच लांब, काठाशी उभी होती आणि तिचे दोन्ही हात वर होते.